नवी टेबल सॉ घेताय? वॉटेज नंतर बघा, आधी बोटांचा हिशेब करा

दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहितो आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कापतो. वर्ध्यात घरून काम सुरू झालं तेव्हापासूनचा हा छंद. आतापर्यंत माझी 'टेबल सॉ' म्हणजे १९ मिमी प्लायच्या पाटाखाली उलटा बसवलेला चार इंची मार्बल कटर. फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही घरात हा जुगाड तुम्ही पाहिला असेल. मागच्या पावसाळ्यात प्लायची एक पट्टी कापताना पात्याने ती पकडली आणि सरळ माझ्या पोटावर फेकली. हिरवा-निळा डाग पंधरा दिवस होता. ती पट्टी वीतभर वर आली असती तर आज हा लेख लिहायला बसलो नसतो.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना डाग दाखवला. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे, तरुणपणी उघड्या गोल करवतीवर गेलं. ते एवढंच म्हणाले, "मशीन नवी घेजो बाबू, पण बोटं जुनीच राहू देजो."

मग मी मशीन शोधायला बसलो. शोधता शोधता कळलं की हा प्रश्न फक्त 'कोणतं मॉडेल चांगलं' एवढा नाही. बोटाला लागताच थांबणारं पातं पंचवीस वर्षांपूर्वीच शोधून झालंय. तरी ते तुमच्या-माझ्या मशीनमध्ये नाही. का नाही, आणि नसेल तर आपण काय घ्यावं, हे दोन्ही आज बघू.

थांबणारं पातं काम कसं करतं?

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाचे भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट वकील होते, छंद सुतारकामाचा. त्यांनी १९९९ च्या सुमारास एक साधी कल्पना मांडली. तुमच्या मोबाइलची टचस्क्रीन बोट ओळखते, कारण माणसाचं शरीर विद्युतभार साठवतं. कोरडं लाकूड तसं करत नाही. मग पात्यालाच टचस्क्रीन केलं तर?

पात्यात एक बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो. बोट लागलं की सिग्नल एकदम बदलतो. इलेक्ट्रॉनिक्सला हे कळताच एक तार वितळते, दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या पात्याच्या दातांत घुसतो. पातं जागेवर थांबतं आणि त्याच झटक्यात टेबलाखाली जातं. हे सगळं सुमारे ५ मिलिसेकंदांत.

हा वेळ किती कमी आहे ते बघा. आपण सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने लाकूड ढकलत असू, तर ५ मिलिसेकंदांत हात दीड मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे बोट तुटण्याऐवजी ओरखडा. याउलट माणसाची प्रतिक्रिया यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ४,८०० आरपीएमचं पातं १६ फेरे मारून मोकळं होतं. 'मी लक्ष देऊन काम करतो' हा युक्तिवाद इथेच संपतो.

तोटेही आहेत. एकदा ब्रेक लागला की ठोकळ्याचं कार्ट्रिज बदलावं लागतं आणि पातंही बहुतेक वाया जातं. ओलं लाकूड वीज वाहतं, त्यामुळे चुकीने ब्रेक लागू शकतो. म्हणून ओल्या लाकडासाठी ही यंत्रणा तात्पुरती बंद करायची सोय देतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओली बाभूळ कापायची असेल तर हा मुद्दा लक्षात घ्यावाच लागेल.

मग ही सक्ती का झाली नाही?

गॅस यांनी मोठ्या कंपन्यांना तंत्रज्ञान देऊ केलं, पण करार जमले नाहीत. शेवटी त्यांनी सॉस्टॉप नावाने स्वतःच मशीन बनवायला घेतल्या. २००३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे अर्ज केला: सगळ्याच टेबल सॉना असं तंत्र बंधनकारक करा. आयोगाने २०११, २०१७ आणि २०२३ अशा तीन टप्प्यांत प्रस्ताव मांडले. निकष सोपा होता. शरीराचा भाग सेकंदाला १ मीटर वेगाने पात्याकडे गेला, तरी जखम ३.५ मिमीपेक्षा खोल नको. आयोगाच्याच अंदाजाने एकट्या अमेरिकेत टेबल सॉचं पातं लागून वर्षाला ३० हजारांच्या आसपास लोक इमर्जन्सी विभागात पोचतात.

विरोध दोन बाजूंनी झाला. एक, स्वस्त मशीनची किंमत वाढणार. दोन, पेटंट एकाच कंपनीकडे, म्हणजे कायदा करून मक्तेदारी द्यायची का? ही भीती अगदीच पोकळ नव्हती. बॉशने २०१६ मध्ये रिअॅक्स नावाची, वेगळ्या पद्धतीने पातं खाली ओढणारी मशीन आणली होती. पेटंटच्या भांडणात २०१७ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या आयातीवर बंदी आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॉस्टॉपने जाहीर केलं की नियम लागू झाला तर आमचं एक महत्त्वाचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं करू. नियम काही लागू झाला नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले 'ओपन सोर्स की बंद' यावर तासन्‌तास भांडतो. इथे त्याच भांडणाची किंमत लोकांनी बोटांनी मोजली आहे. आणि नियम तिथे अडकला म्हणून तो इथेही पोचला नाही. जागतिक बाजारात जे सक्तीचं होतं तेच हळूहळू स्वस्त होऊन आपल्या दुकानांत येतं. कारच्या एअरबॅगचं उदाहरण समोर आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

कारखान्यांसाठी नियम आहेत, आणि जुने आहेत. फिरत्या भागांना संरक्षण हवं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं. राज्यांच्या नियमांमध्ये गोल करवतीच्या मागे रायव्हिंग नाइफ हवी, इथपर्यंत तपशील आहे. पण नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये, वीज वापरणारी जागा 'कारखाना' ठरायला साधारणपणे २० कामगार लागतात. आमच्या सुतारकाकांकडे ते आणि त्यांचा मुलगा. माझ्याकडे मी एकटा. म्हणजे जिथे बोटं सर्वात जास्त उघड्यावर आहेत, तिथेच नियम पोचत नाही.

दुसरी बाजू योजनेची. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या वर्ध्यातच झाला, पंतप्रधान आले होते. योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. मिळतं काय, तर प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांचं तारणमुक्त कर्ज.

आता हिशेब करू. रायव्हिंग नाइफ आणि गार्ड असलेली चांगली टेबल सॉ १५ हजारांत बसत नाही. पण १ लाखाचं कर्ज १८ महिन्यांच्या समान हप्त्यांत फेडलं, तर हप्ता महिन्याला ५,७८० च्या आसपास येतो आणि एकूण व्याज चार हजारांच्या जवळपास. पोटापाण्यासाठी हे काम करणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. माझ्यासारख्या नोकरदार छंदवाल्याला ही योजना नाही आणि नसावीच. पण तुमच्या ओळखीत सुतार असेल तर त्याला हे सांगा: व्हाउचरमध्ये जे येतं ते घ्या, पण करवत मात्र कर्जातून नीट घ्या.

हा वाद वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच मगनवाडीत उभा राहिला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. गांधीजींना यंत्र सरसकट नको होतं असं आपण समजतो, पण शिलाई मशीनला त्यांनी अपवाद केला होता, कारण ते माणसाचे कष्ट वाचवतं. यंत्राने हात मोकळा करावा, हात घेऊ नये. टेबल सॉला हीच कसोटी लावू.

पहिला प्रश्न: तुम्ही कापता काय?

इथेच बहुतेकांची चूक होते. आपण 'किती वॉट' पासून सुरुवात करतो. सुरुवात लाकडापासून करा.

प्लाय आणि एमडीएफ जास्त असेल, तर ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट छोट्या टेबल सॉवर एकट्याने ढकलणं धोक्याचं आहे. शीट तिरकी झाली की किकबॅक ठरलेला. त्यापेक्षा ट्रॅक सॉ, म्हणजे रुळावर चालणारी हातकरवत घ्या. शीट जमिनीवर थर्माकोलवर पसरा आणि करवत फिरवा. तुमचं ८० टक्के काम किचन ट्रॉली आणि कपाटं असेल, तर तुम्हाला कदाचित टेबल सॉ नकोच आहे. हे ऐकायला दुकानदाराला आवडणार नाही.

सागवान, बाभूळ, चौकटी, पट्ट्या असं भरीव लाकूड जास्त असेल तर मात्र टेबल सॉला पर्याय नाही. बल्लारशा-आलापल्लीच्या सागाचा पट्टा आपल्या शेजारी, त्यामुळे विदर्भात सागाची जुनी दारं-चौकटी मोडून निघालेलं लाकूडही भरपूर मिळतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सागात नैसर्गिक सिलिका असते, ती पात्याची धार लवकर घालवते. आणि जुन्या लाकडात खिळे असतात. कापण्याआधी चुंबक फिरवा.

मापं: किती मोठी पुरे?

८ बाय ४ ची शीट उभी अर्धी करायची तर पातं आणि फेन्स यांत ६१० मिमी अंतर लागतं. तेवढी रिप क्षमता असली की घरगुती कामाला पुरतं. २१० मिमी पात्याची मशीन सरळ कापात साधारण ६५ मिमी खोल जाते, २५० मिमीची ७५ ते ८० मिमी. दाराच्या चौकटीची अडीच इंची जाडी म्हणजे ६३ मिमी. छोटी मशीन इथे जेमतेम पुरते, मोठीला श्वास घ्यायला जागा राहते.

मग १२ इंची का नको? इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. केंद्राच्या २०१६ च्या लाकूडआधारित उद्योगांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कायदेशीर मार्गाने आणलेलं चिरलेलं लाकूड किंवा प्लाय वापरणाऱ्याला परवान्यातून सूट आहे, पण बँडसॉ, री-सॉ किंवा ३० सेंमीपेक्षा मोठ्या व्यासाची गोल करवत नसेल तरच. १० इंच म्हणजे २५.४ सेंमी. १२ इंच म्हणजे ३०.५ सेंमी. अर्ध्या सेंटिमीटरने तुम्ही रेषेच्या पलीकडे जाता. घरगुती वर्कशॉपला १० इंच पुरतं, उगाच वर जाऊ नका. जायचंच असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. आणि लाकडाची पावती सांभाळून ठेवा.

या तीन गोष्टी नसतील तर मशीन घेऊ नका

१. रायव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे, पात्यासोबत वर-खाली होणारी पोलादी पट्टी. कापलेली फट मिटून लाकूड पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांवर चढलं की किकबॅक होतो. ही पट्टी फट मिटू देत नाही. १० इंची पातं ४,८०० आरपीएमला फिरतं तेव्हा कडेचा वेग सेकंदाला ६४ मीटर, म्हणजे ताशी २३० किमी होतो. त्या वेगाने लाकूड तुमच्याकडे येतं. माझा उलटा कटर तर १२ हजार आरपीएमचा, पातं लहान असूनही कडेचा वेग ताशी २५० किमीच्या आसपास, आणि मागे पट्टी नाही. पोटावरच्या डागाचं गणित हेच. नाइफची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त पण कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी, नवं पातं घेताना हे नक्की तपासा.

२. नो-व्होल्ट स्विच. वीज गेली की मशीन बंद होते आणि वीज आली तरी बटण दाबेपर्यंत सुरू होत नाही. आपल्याकडे याची गरज समजावून सांगायला नको. लाइट गेली, तुम्ही अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि लाइट आली. मार्बल कटरचं लॉक बटण दाबलेलंच असतं.

३. स्वतः समांतर राहणारी फेन्स. फेन्स पात्याला समांतर नसेल तर लाकूड दाबलं जातं. दुकानात मापपट्टी घेऊन जा. फेन्स लॉक करा, पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून अंतर मोजा. असं पाच वेळा करा. दर वेळी वेगळं आलं तर मशीन तिथेच ठेवून या.

वरचं गार्ड सोबत येतंच, ते माळ्यावर टाकू नका.

वीज: पाटीवरचे वॉट आणि शेडमधले वॉट

२,००० वॉटची मशीन २३० व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे ८.७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिमीची वायर, व्यवस्थित अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. सॉफ्ट स्टार्ट असेल तर उत्तम.

पातळ एक्स्टेंशन टाळा. १ चौरस मिमीच्या २० मीटर वायरीत साधारण ६ व्होल्ट जातात, २.५ मध्ये अडीच. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की माझ्या शेडमध्ये मीटर २०० च्या जवळ दिसतो. तेव्हा मोटरची ताकद ढोबळमानाने पाऊण होते. मग आपण लाकूड जोरात ढकलतो, आणि जोरात ढकललेला हात घसरतो. मी मोठे काप आता सकाळी करतो.

बाजारात काय काय आहे?

- कार्बन ब्रशची पोर्टेबल मशीन: हलकी, २३० व्होल्टवर चालणारी, आवाज मोठा. बॉश जीटीएस १० जे (१,८०० वॉट, ३,६५० आरपीएम), मकिता एमएलटी १०० (१,५०० वॉट, ४,३०० आरपीएम), डीवॉल्ट डीडब्ल्यूई ७४९२ (२,००० वॉट, ४,८०० आरपीएम, ८२५ मिमी रिप). छोट्या शेडला हाच गट योग्य.
- इंडक्शन मोटरची बिडाची मशीन: आवाज कमी, कंप कमी, काप सुंदर, आयुष्य मोठं. पण जड, जागा खाणारी, आणि मोठ्या एचपीला थ्री फेज लागतो. व्यवसाय करणाऱ्याने नक्की विचार करावा.
- स्थानिक बनावटीचं उघडं सर्क्युलर टेबल: स्वस्त आणि मजबूत. पण बहुतेकांत रायव्हिंग नाइफ नसते, गार्ड नसतं, साधा स्विच असतो. काकांचं बोट अशाच टेबलावर गेलं. घ्यायचंच असेल तर ऑर्डर देतानाच नाइफ आणि नो-व्होल्ट स्विच बसवून मागा, घरी आणल्यावर ते कोणी बसवत नाही.

थांबणाऱ्या पात्याची मशीन मला वर्ध्या-नागपुरात कुठल्याही दुकानात बघायला मिळाली नाही. बाहेरून मागवली तर सीमाशुल्क, व्होल्टेज आणि कार्ट्रिज असे तीन प्रश्न उभे राहतात. युरोपात कॅमेऱ्याने हात ओळखून, बोट लागण्याआधीच पातं खाली नेणाऱ्या मशीनही आल्या आहेत, पण त्या कारखान्यांच्या बजेटच्या.

मी काय केलं?

मी १० इंची पोर्टेबल मशीन घेतली. नाइफ, गार्ड, नो-व्होल्ट स्विच असलेली. १,५०० की २,००० वॉट यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं होतं, पण काम सुरू केल्यावर जाणवलं की चांगल्या पात्याने जास्त फरक पडतो: लांब चिरायला २४ दाती, प्लाय-सनमायक्याला ६० दाती. पातं घेताना मधलं भोक २५.४ मिमी आहे की ३०, ते आपल्या मशीनशी जुळवा.

वाचलेल्या पैशांत दोन पुश ब्लॉक, एक व्हॅक्यूम आणि चांगला मास्क घेतला. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेलं आहे. शेडच्या भिंतीवर खडूने चार ओळी लिहिल्या:

- पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही.
- हात पात्यापासून एक वीत लांब, पुढे पुश स्टिक.
- हातमोजे नाहीत, आणि डोक्याचा दुपट्टा शेडच्या बाहेर.
- प्लग काढल्याशिवाय पात्याला हात नाही.

तिसरी ओळ खास आपल्या उन्हाळ्यासाठी. ४५ अंशांत दुपट्टा गुंडाळून आत येणं ही सवय आहे, आणि त्याचं मोकळं टोक पात्याला सापडायला एक क्षण पुरतो.

उलटा कटर मी खोलला आणि पुन्हा टाइल कापायला ठेवला, तो त्यासाठीच बनला होता. परवा सुतारकाका आले. त्यांनी नाइफवर अंगठा फिरवला, स्विच बंद-चालू केला, फेन्स दोनदा सरकवून पाहिली. मग म्हणाले, "पोराले दाखवतो ही. त्याचा अर्ज भरायचा राह्यला आहे विश्वकर्माचा, तूच भरून दे."

रविवारी तो अर्ज भरायला सीएससी केंद्रावर जाणार आहोत. तुमच्या गल्लीतही असा एखादा पोरगा असेल. लॅपटॉप बंद करून त्याच्यासोबत अर्धा तास काढा.